कोरोनाच्या काळात पोरांचं पोट दुखलं तेव्हा : कोल्हापूरकरांचे अनुभव

लॉकडाउनचा विषय निघाला की माणसं बेड, ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिरबद्दल बोलतात. साहजिक आहे. मी मात्र तेव्हा लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात सिस्टर होते आणि मला आठवतात ती फुटलेली अपेंडिक्सं. एरवीही फुटलेलं येतंच, पण बहुतेक पोरं दुखणं सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत टेबलावर गेलेली असतात. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत चित्र उलटं झालं. कडक झालेलं पोट, कोरडी जीभ, खोल गेलेले डोळे, आणि शेजारी आई सांगतेय, "सिस्टर, कालपासून जरा बरं वाटत होतं हो त्याला." ते बरं वाटणंच वाईट. अपेंडिक्स फुटलं की आतला ताण जातो, कळ थोडा वेळ कमी होते आणि तेवढ्यात पू पोटात पसरायला लागतो. मुलांमध्ये फुटून येण्याचं प्रमाण त्या काळात वाढल्याचं पुढे अनेक देशांतल्या डॉक्टरांनी लिहिलं. म्हणजे हे फक्त आपल्याकडचं नव्हतं.

लोक दवाखान्याला घाबरले, असं एक उत्तर सगळे देतात. घाबरले होतेच. पण मला वाटतं, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोटावर हात ठेवणारं माणूसच मधून नाहीसं झालं होतं. गल्लीतले डॉक्टर एरवी पोट चाचपून लगेच म्हणायचे, "सोनोग्राफी करून घ्या." त्यांतल्या कुणाचं क्लिनिक बंद, कुणी काचेपलीकडून औषध देणारे, कुणी स्वतःच पॉझिटिव्ह. व्हिडिओ कॉलवर घसा दिसतो, पुरळ दिसतं. पण उजवीकडे खाली दाबून हात सोडला की पोर कसं कळवळतं, ते कसं दिसणार?

ज्यांच्या घरात हे झालं त्यांनी लिहा. दुखणं कसं सुरू झालं, पोटाला हात कधी लागला, मध्ये काय काय आडवं आलं. दवाखान्याचं आणि डॉक्टरांचं नाव नको. जुनी भांडणं उकरायची नाहीत. गाव नाहीतर पेठ लिहिली की पुरे.

राजारामपुरी, आई

मुलगा नऊ वर्षांचा होता. २०२० चा एप्रिल. सकाळी बेंबीभोवती दुखतंय म्हणाला. आदल्या रात्री भडंगाचा अख्खा डबा फस्त केलेला, त्यामुळे घरात सगळ्यांचं निदान एकच. दुपारी दोन उलट्या झाल्या आणि मग तो शांत पडून राहिला. त्याचं शांत पडणं मला खटकलं, कारण हा मुलगा तापातही गॅलरीत क्रिकेट खेळणारा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी व्हिडिओवर पाहिलं, जीभ बघितली, उलटीचं औषध लिहून दिलं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता, "आधी दुखायला लागलं की आधी उलटी झाली?" मी म्हटलं, आधी दुखलं. ते थोडा वेळ गप्प झाले आणि म्हणाले, "रात्री भूक लागली म्हणाला तर ठीक. नाही म्हणाला तर मला झोपेतून उठवा."

रात्री त्याच्यापुढे लोणी लावलेली पोळी ठेवली. तोंड फिरवलं. दुखणं तोवर बेंबीवरून उजवीकडे खाली सरकलं होतं. डॉक्टरांना खरंच उठवलं. ते स्कूटरवरून, मास्कवर मास्क लावून आले, पोर्चमध्ये खाटेवर त्याला झोपवून पोट बघितलं आणि तिथूनच सर्जनना फोन लावला. फुटलं नव्हतं. पण बाहेर काढलं तेव्हा आत मळाचा घट्ट खडा अडकलेला होता, पुढे फार थांबलं नसतं असं सर्जन म्हणाले.

गारगोटीच्या वरच्या अंगाचं गाव, वडील

आमच्यात मे महिन्यात मुंबईवाले आले आणि शाळा विलगीकरणानं भरून गेली. गावच्या वाटंवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. आतलं भाईर न्हाई, भाईरचं आत न्हाई. पोरगी सहा वर्षांची. पोटात दुखतंय म्हणून रडाय लागली, अंगात ताप. आता ताप हाय म्हणून कुणाला सांगायचं? सांगितलं की पयला सवाल, मुंबईचं कोण भेटलं हुतं का. आणि मग आख्खं घर शाळंत. घरात म्हातारी आई, दोन म्हसरं. म्हसरांची धार कोण काढणार? लोक म्हणत्यात भीती कोरोनाची हुती. आमच्यात कोरोनापरास शाळंची भीती जास्त हुती, हे खरं हाय ते लिवतो.

आशाताई घरोघरी ताप मोजत फिरत हुत्या. त्या आल्या, पोरीकडं बघितलं. पोरगी उजवा पाय पोटाशी घेऊन वाकडी पडलेली. पाय सरळ कर म्हटलं की वरडायची. आशाताई म्हणाल्या, दादा, ही कोरोनाची केस न्हवं, हिला आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला न्या. ग्रामदक्षता समितीचा अध्यक्ष, ज्याच्याशी माझं बांधावरनं बोलणं बंद हुतं, त्यानं सोता काट्या वडून बाजूला केल्या आणि नाक्यावर फोन करून ठेवला.

गाडी प्रत्येक गचक्याला हळू घ्यायला लागली. पोरगी प्रत्येक गतिरोधकाला किंचाळायची. दवाखान्यात डॉक्टरनं पयलं हेच इचारलं, रस्त्यात गचका बसला की दुखत हुतं का? व्हय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

फुटलेलं हुतं. दुर्बिणीतनं न करता पोट उघडून केलं. एका बाजूला नळी ठेवलेली, त्यातनं पू यायचा. आत एकच माणूस सोडत हुते म्हणून बायको आत, मी भाईर टेम्पोत. हॉटेलं बंद, पण शेजारच्या गल्लीतनं कोणकोण डबा आणून द्यायचं. नाव इचारलं तर सांगायचं न्हाईत.

शाहूपुरी, आता कॉलेजात

मीच पेशंट. तेव्हा आठवीत होते, ऑनलाइन शाळा. पोट दुखतंय म्हटल्यावर आई, काकू आणि आजी तिघींचं एकमत, "पाळी येणार असेल." मला पाळी येऊन वर्ष झालं होतं आणि ती कशी दुखते ते मला पक्कं माहीत होतं. हे ते नाही, असं मी ओरडून सांगत होते. ओवा आला, हिंगाचं पाणी आलं, गरम पाण्याची पिशवी आली. वर्गात मी कॅमेरा बंद करून आडवी. बाईंनी हजेरी घेताना "प्रेझेंट" एवढं बोलायलाही पोट आवळून बोलावं लागलं.

माझी मावशी आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. ती फोनवर म्हणाली, "पोरीला उभी करा आणि एका पायावर उडी मारायला सांगा." मी एक उडी मारली आणि खालीच बसले. मावशीनं तो आवाज फोनवर ऐकला. ती आईला काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण अर्ध्या तासात आम्ही रिक्षात होतो आणि रिक्षावाले काका पोलिसांना प्रत्येक चौकात स्वतःच ओरडून सांगत होते, "अपेंडिक्स! अपेंडिक्स!" दसरा चौकापर्यंत ते सगळ्या कोल्हापूरला कळलं असणार.

मुलींच्या बाबतीत 'पाळीच असेल' म्हणून किती वेळ जातो, ते कुणीतरी मोजायला हवं.

सिस्टर (धाग्याची सुरुवात केलेली)

शाहूपुरीची मुलगी म्हणते ते शंभर टक्के. वयात येणाऱ्या मुलींमध्ये अंडाशयाला पीळ पडणं, गाठ फुटणं हेही असतं, आणि त्यालाही ओवा चालत नाही. एका पायावर उडी मारायला लावणं आमचे सर्जनही करतात. उडी मारता आली म्हणून अपेंडिक्स नाहीच असं मात्र धरू नका. गरम पिशवीनं वेळ जातो. एरंडेल तर अजिबात देऊ नका. आत सुजलेलं असताना आतडं जोरात ढवळून काढायचं कशाला? आमच्याकडे आलेल्या फुटलेल्या पोरांतल्या बऱ्याच जणांना आधी घरात एरंडेल दिलेलं असायचं.

इचलकरंजी, आई

आमची गोष्ट वेगळी आहे, तरी लिहिते, कारण आम्हाला सुरुवातीला सगळ्यांनी अपेंडिक्सच सांगितलं होतं. २०२१ चा जून. मुलगा सात वर्षांचा. ताप उतरेना, उजवीकडे पोटात दुखतंय, उलट्या, जुलाब. एका ठिकाणी ऑपरेशनची तयारी करा म्हणाले. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी दिसलं, गाठी सुजलेल्या दिसल्या, पण अपेंडिक्स ठीक. तिथल्या एका तरुण डॉक्टर बाईंनी त्याचे डोळे बघितले. लाल होते, पण चिपडं नव्हती. ओठ लाल फुटलेले, पाठीवर पुरळ. त्यांनी विचारलं, "महिन्याभरात घरात कुणाला कोरोना झाला होता का?" सासऱ्यांना झाला होता. मुलाला तेव्हा साधी सर्दीही झाली नव्हती.

त्या आजाराचं नाव तेव्हा आम्ही पहिल्यांदा ऐकलं, एमआयएस-सी. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी मुलांच्या अंगात सगळीकडे सूज येते, आणि पोटाची सूज अपेंडिक्ससारखीच वागते. रक्तातला सूज दाखवणारा सीआरपी खूप वाढलेला, प्लेटलेट कमी. हृदयाची टूडी इको केली, त्यात हृदयाचं पंपिंग थोडं कमी निघालं. स्टिरॉइड आणि आयव्हीआयजी नावाचं महागडं इंजेक्शन सलाईनमधून दिलं. आता ठणठणीत आहे, नंतर काही महिने इको करत राहावं लागलं एवढंच. त्या दिवशी पोट कापलं असतं तर भूल त्या हृदयानं कशी पेलली असती, हा विचार मी करत नाही. नवरा करतो.

एक बालशल्यविशारद, कोल्हापूर

वरचे अनुभव वाचले. दोन-तीन गोष्टी मला आमच्या बाजूनं सांगायच्या आहेत.

अपेंडिक्सचा त्रास सर्वांत जास्त दहा ते वीस या वयात होतो. पाच वर्षांखालच्या मुलांत तो क्वचित होतो, पण झाला तर निम्म्याहून जास्त मुलं फुटल्यावरच आमच्यापर्यंत येतात. ती कोरोनाच्या आधीही अशीच यायची. लहान पोराला कुठे दुखतं ते सांगता येत नाही, ते नुसतं किरकिरतं. शिवाय मोठ्या माणसाच्या पोटात चरबीचा एक पडदा असतो, तो सुजलेल्या जागेला पांघरुणासारखा गुंडाळून बसतो आणि पू पसरू देत नाही. लहान मुलांचा हा पडदा पातळ आणि तोकडा असतो. म्हणून त्यांचं फुटलं की पोटभर होतं. दुखणं सुरू झाल्यावर छत्तीस ते अठ्ठेचाळीस तासांनंतर फुटण्याचा धोका झपाट्यानं वाढतो. मार्च २०२० नंतर आम्ही हरलो ते याच तासांत.

सीपीआर, म्हणजे आपलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, कोविडसाठी राखीव झालं तेव्हा गरीब पेशंटांची पहिली पायरीच गेली. खासगीत आधी स्वॅबचा रिपोर्ट मागायचे आणि रिपोर्टला कधी एक दिवस लागायचा, कधी जास्त. अपेंडिक्सला एवढा वेळ नसतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटी ठरवलं, पेशंट पॉझिटिव्ह आहे असंच धरायचं, पीपीई घालायचं आणि ऑपरेशन करायचं. मे महिन्याच्या उकाड्यात एसी बंद ठेवून, चष्म्यावर वाफ धरलेली असताना सहा वर्षांच्या मुलीचं पोट धुऊन काढणं काय असतं, ते गारगोटीच्या दादांनी टेम्पोतून पाहिलं नाही हे बरंच झालं. त्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. दुर्बिणीऐवजी पोट उघडून का केलं? दुर्बिणीसाठी पोटात वायू भरावा लागतो. तो बाहेर पडताना विषाणू पसरेल का, याबद्दल सुरुवातीला सगळ्या जगातच धास्ती होती. पुढे ती कमी झाली आणि आम्ही पुन्हा दुर्बिणीकडे वळलो.

काही मुलांना आम्ही फक्त अँटिबायोटिकवर ठेवलं. लवकर आलेलं, न फुटलेलं, आत खडा नसलेलं अपेंडिक्स असेल तर हे करता येतं आणि बऱ्याच मुलांना ते पुरतं. पण त्यातल्या काहींना नंतर पुन्हा दुखतं, हे आईबापांना आधी सांगावं लागतं.

विषयाला सोडून एक गोष्ट. मुलगा ओटीपोटात दुखतंय म्हणाला तर त्याची चड्डी काढून बघा. अंडाला पीळ पडलेला असला तरी मुलं लाजेनं पोटच सांगतात. तिथे आपल्याकडे साधारण सहाच तास असतात. व्हिडिओ कॉलवर हेही निसटलेलं मी पाहिलं आहे.

कागल, वडील

आमच्या मुलाला २०२१ च्या फेब्रुवारीत गोळा झाला होता. म्हणजे अपेंडिक्स फुटलं, पण आतड्यांनी चिकटून ते तिथेच कोंडून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता हात लावत नाही, सलाईनमधून अँटिबायोटिक देऊ आणि सहा-आठ आठवड्यांनी ठरवून काढू. सहा-आठ आठवडे म्हणजे एप्रिल. एप्रिलमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ठरवून करायची ऑपरेशनं थांबली. पुढचे काही महिने मुलगा नुसता ढेकर देऊ लागला तरी बायको पिशवी भरून दारात उभी. शेवटी दिवाळीच्या आसपास काढलं.

मंगळवार पेठ, निवृत्त इतिहास शिक्षक

मुलांचा अनुभव माझ्याकडे नाही, पण हा आजार आणि कोल्हापूर यांचा एक जुना संबंध आहे तो सांगतो. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. आपले शाहू छत्रपती त्यासाठी विलायतेला गेले होते. योगायोग असा की २६ जून हा महाराजांचा वाढदिवस. समारंभाच्या तोंडावर राजाच्या पोटात अपेंडिक्सचं गळू झालं. राजा सोहळा पुढे ढकलायला तयार होईना, पण २४ जूनला फ्रेडरिक ट्रीव्हज या सर्जननं राजवाड्यातच ते गळू फोडलं. अपेंडिक्स काढलंही नाही, नुसता पू वाहू दिला. राज्याभिषेक झाला ९ ऑगस्टला. मधल्या काळात, २६ जुलै १९०२ ला, मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा महाराजांचा हुकूम करवीरच्या गॅझेटात छापला गेला, तेव्हा महाराज परदेशातच होते.

कागलच्या मुलाचा गोळा आणि राजाचं गळू हे एकाच जातीचं दुखणं दिसतं. डॉक्टरांनी चूक असेल तर दुरुस्त करावं.

बालशल्यविशारद

सर, बरोबर आहे. प्रतिजैविकं सोडली तर आम्हीही तेच करतो, गळू असेल तर आधी वाट करून द्यायची.

टोप, काका

पुतण्या अकरा वर्षांचा. २०२१ च्या जुलैचा महापूर. शिरोलीपाशी महामार्गावर पाणी चढलं आणि कोल्हापूरचा रस्ताच बंद. एरवी आम्ही भाजी आणायला कोल्हापुरात जातो, इतकं जवळ. त्याच वेळी ह्याच्या पोटात सुरू झालं. कोरोना होताच, वर पूर, वर लाइट नाही. गावातले डॉक्टर गुडघाभर चिखलातून घरी आले. सोप्यावर चटई टाकून, बॅटरी धरून पोट बघितलं. उजवीकडे दाबलं की कळ, डावीकडे दाबलं तरी कळ उजवीकडे. ते म्हणाले, कोल्हापूरची वाट बघत बसू नका, गाडी कराडकडे वळवा. वळवली. तिथे आधी अँटिजेन टेस्ट, मग सोनोग्राफी, मग ऑपरेशन, सगळं एका दिवसात. आम्हाला त्यातलं निम्मं कळलंही नाही.

त्या डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. पुरात आमचं काय गेलं एवढंच विचारलं.

फुलेवाडी, आई

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. महात्मा फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांनाही खुली केली होती, हे आम्हाला मुलगा ॲडमिट झाल्यावर कळलं. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे आधी विचारा. बिल भरून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

शिवाजी पेठ, आई

माझा प्रश्न डॉक्टरांना. मुलाचं ऑपरेशन तेव्हा पोट उघडून झालं, व्रण चांगला बोटभर आहे. तालमी उघडल्यापासून वस्ताद त्याला बोलावतात, आता तो सोळा वर्षांचा आहे आणि त्याच्या आजोबांना नातू आखाड्यात हवाय. मी अजून सोडलेलं नाही. टाके उसवायची भीती वाटते.

बालशल्यविशारद

ताई, दुर्बिणीनं झालेलं असलं तर मुलं दोन-तीन आठवड्यांत धावतात. पोट उघडून झालं की जोर-बैठका आणि कुस्तीला आम्ही साधारण सहा आठवडे थांबवतो. तुमच्या मुलाला तर वर्षं झाली. खोकल्यावर त्या जागी फुगवटा येतो का, एवढं एकदा दाखवून घ्या. येत नसेल तर पाठवा आखाड्यात.

शिवाजी पेठ, आई

फुगवटा नाही. पण आजोबांना अजून सांगितलेलं नाही, ते आजच लंगोट घेऊन येतील.